‘पीकरन’ आणि आपली फिकीर

प्रश्न असा आला आहे: “मी दोन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. मध्यंतरी एक काम अडकलं होतं, तेव्हा शेजारी बसणाऱ्या डच बाई मला म्हणाल्या, ‘नीत पीकरन’, म्हणजे काळजी करत बसू नकोस. मला त्यात सरळ ‘फिकीर’ ऐकू आली. हा योगायोग, की खरंच नातं आहे? असेल तर शब्द आपल्याकडून तिकडे गेला का?”

नातं खरं आहे, पण शब्द आपल्याकडून गेलेला नाही. दोघांचं आजोळ एक, वाटा वेगळ्या.

मूळ शब्द अरबी ‘फिक्र’. अर्थ साधा: विचार. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि इथवर पोचेपर्यंत विचाराची काळजी झाली. मराठीने त्याला घरचं करून ‘बेफिकीर’ही वापरात ठेवला. दुसरीकडे हाच शब्द व्यापारी आणि इस्लाम यांच्याबरोबर मलायी भाषेत गेला. तिथे मुळात तो दात-ओठांचा ‘फ’ नव्हता, म्हणून ‘पिकिर’ झाला. जावा-सुमात्रात, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, राहिलेल्या डच शिपायांनी, मळेवाल्यांनी, कारकुनांनी तो ‘पिकिर’ उचलला आणि त्याला आपला क्रियापदाचा ‘-एन’ जोडला. झालं ‘पीकरन’. डचांना ‘फ’ म्हणता येत नाही अशातली गोष्ट नाही. तरी त्यांच्या शब्दात ‘प’ आहे, म्हणजे माल कुठल्या बंदरातून आला त्याचा शिक्काच त्यावर बसलाय.

गंमत अशी की इंडोनेशियात ‘पिकिर’ अजून विचारच करतो. काळजी करू लागला तो डचांच्या घरी आल्यावर. आणि साधी काळजीही नव्हे. रात्री डोळे मिटेनात, तीच गोष्ट मनात घोळत राहते, ते ‘पीकरन’. तुमच्या त्या बाईंना हा शब्द परदेशी आहे असं सांगून पाहा, बहुधा त्यांना पटणार नाही.

अशी आणखी मंडळी डचमध्ये आहेत. ‘पीन्तर’ म्हणजे चलाख, मलायी ‘पिन्तार’वरून. ‘बाकलेयन’ म्हणजे क्षुल्लक कारणावरून भांडत बसणं, ‘बेरकेलाही’वरून. पण मला सगळ्यांत जास्त बोलका वाटतो तो ‘सूबातन’. याचा अर्थ विनवण्या करणं, अजीजी करणं. मूळ मलायी ‘सोबात’, म्हणजे मित्र. हा पुन्हा अरबीच, आपल्या ‘सोबत’च्याच धातूचा. मित्राची विनवणी कशी झाली? काही मागायला आलेला माणूस समोरच्याला ‘मित्रा, मित्रा’ म्हणत राहतो, त्यावरून, असं याचं उत्तर दिलं जातं. ते बरोबरच असावं. पण कोण कोणापुढे उभा होता, हेही त्यात दिसतं. आपल्याला कोणी ‘मित्रा’ म्हटलं की तो काहीतरी मागणार, असं एका अख्ख्या भाषेला वाटू लागलं, ते बरोबरीच्या माणसांत वावरून नव्हे. आणि ‘साहेब’ हा शब्दही याच अरबी धातूचा, मूळ अर्थ सोबती! आपल्याकडे सोबती वर जाऊन बसला, त्यांच्याकडे तो हात जोडून उभा राहिला.

हे शब्द कानामात्रा बदलून मुकाट घरात शिरले. ज्यांवर वाद झाले ते वेगळेच, डचांनी स्वतः घडवलेले. त्यातला एक मराठवाड्यातल्या वाचकांना फार ओळखीचा वाटेल: ‘पोलिसी कारवाया’.

इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांना ते मान्य नव्हतं. १९४७ च्या जुलैत आणि १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी दोन मोठ्या लष्करी मोहिमा काढल्या. एकूण या काळात मायदेशातून एक लाखाहून जास्त सैनिक तिकडे गेले. नाव मात्र ‘पोलिसी कारवाई’. युद्ध म्हटलं की समोर दुसरा देश आहे हे कबूल करावं लागतं. पोलीस म्हटलं की घरचा बंदोबस्त. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात, १३ ते १७ तारखांना, हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरल्या, तीही आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी आजतागायत ‘पोलीस अ‍ॅक्शन’च आहे. दोन्ही एका मापाने मोजायचं कारण नाही. निझामाचं राज्य भारताच्या पोटात होतं, जावा अ‍ॅमस्टरडॅमपासून अर्ध्या जगापलीकडे. पण शब्द तोच आणि त्याची सोयही तीच. वर आणखी एक: जानेवारी १९४९ मध्ये डचांच्या कारवाईविरुद्ध दिल्लीत आशियाई परिषद भरवली ती नेहरूंनी.

डचांनी सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ ला, पण तो शब्द त्यानंतरही कित्येक दशकं टिकला. तीन डच संस्थांच्या संशोधनातून त्या युद्धात टोकाची हिंसा नेहमीचीच होती असं २०२२ च्या फेब्रुवारीत पुढे आलं आणि पंतप्रधान रुटे यांनी माफी मागितली. १७ ऑगस्ट १९४५ हीच तारीख बिनशर्त मान्य करायला २०२३ साल उजाडलं. त्याआधी २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या शहर-संग्रहालयाने सतराव्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणं सोडलं, तेव्हाही बराच गदारोळ झाला. सोनं कोणाचं आणि युग कोणाचं, एवढाच मुद्दा होता.

आता तुमच्या रोजच्या कामाचं. तिथे ‘इंडियास’ म्हणजे भारतीय, म्हणजे तुम्ही. ‘इंडिस’ म्हणजे जुन्या डच इंडीजमधला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी जोडलेला. ‘हिंदुस्तान्स’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतले भारतीय वंशाचे. त्यांचे पूर्वज १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजाने तिथल्या मळ्यांवर करारावर नेले गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास पुष्कळ जण नेदरलँड्समध्ये आले. हेगमध्ये ही वस्ती मोठी आहे, तिथे ‘रोटी’ मागितलीत तर पोळीबरोबर चिकन आणि बटाट्याची भाजी येईल, आणि ती झकास असते. ‘इंडिस’ पाटी पाहून मात्र वरण-भाताच्या आशेने आत शिरू नका. तिथे ‘रेइस्ताफल’ मिळेल, शब्दशः भाताचं टेबल: भाताभोवती वाट्यांची रांगच रांग. हा थाट वसाहतीतल्या डच बंगल्यांत वाढला, वाढपीही रांगेने यायचे.

या ‘इंडिस’ माणसांमुळे हे शब्द आणखी घट्ट झाले असावेत. १९४५ नंतरच्या दोन दशकांत सुमारे तीन लाख लोक तिकडून नेदरलँड्समध्ये आले, त्यातल्या अनेकांनी तो देश आधी पाहिलाही नव्हता. वसाहत हातची जाणार या भीतीने डचांत एक यमक फिरत असे, मराठीत त्याचंही यमक जुळतं: इंडी गेली, आपत्ती आली. आपत्ती काही आली नाही.

एक इशारा. डच ‘नाम’ आणि आपलं ‘नाम’ सारखे ऐकू आले म्हणून त्यांना या यादीत घालू नका. ती सख्खी भावंडं आहेत, कुठल्याही ईस्ट इंडिया कंपनीच्या जन्माआधीची.

आणि आपल्या बाजूचं काही तिकडे गेलं का? वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे अवशेष अजून आहेत. पण त्या व्यवहारातून आपल्याला मिळालं ते ‘वलंदेज’ हे त्यांचं नाव, तेही पोर्तुगिजांच्या तोंडून. उपखंडातून गेलेला शब्द हवा असेल तर ‘सिट्स’ घ्या: आपलं चीट, छापील सुती कापड. ते मुख्यतः कोरोमंडल किनाऱ्यावरून जायचं. फ्रीसलँडमधल्या हिंडेलोपन गावाला गेलात तर तिथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख जरूर पाहा. अस्सल स्थानिक म्हणून दाखवतात, आणि अंगावर सिट्सची फुलं असतात.