सगळे लॅटिनो पास्टरांच्या मागे गेले का?

प्रश्न: अमेरिकेतले लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतल्या घराण्यांचे लोक) म्हणजे कॅथलिक आणि डेमोक्रॅट, असंच आपण ऐकत आलो. मग 2024 ला एवढे लोक ट्रम्पकडे कसे वळले? माझा डॅलसचा भाचा म्हणतो, कॅथलिक चर्च सोडून सगळे पास्टरांच्या मागे लागले म्हणून. खरं का हे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: भाच्याचं अर्धंच बरोबर आहे. चर्च सोडलं हे खरं, प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या सर्व्हेत 2010 ला 67 टक्के लॅटिनो कॅथलिक होते, 2022 ला 43. पण त्यातले बरेचसे पास्टरांकडे गेलेच नाहीत, घरीच बसले! कुठलाच धर्म न मानणारे 10 चे 30 टक्के झाले, आणि इव्हँजेलिकल, म्हणजे या पास्टरांच्या प्रोटेस्टंट पंथाचे, आपले 15 च्या आसपासच. आता ट्रम्पची लॅटिनो मतं प्यूच्याच हिशोबात 2020 ला 36 टक्के होती ती 2024 ला 48 झाली, म्हणजे नुसत्या धर्मांतराने हे गणित सुटत नाही.

पास्टर मंडळींचा जोर आहेच, नाही कोण म्हणतंय. जानेवारी 2020 मध्ये ट्रम्पने इव्हँजेलिकल लोकांसाठीची प्रचारमोहीम सुरू केली तीच मियामीत, गिलेर्मो माल्डोनाडो या पास्टरांच्या चर्चमध्ये. दक्षिण टेक्सासमध्ये मायरा फ्लोरेस, जन्म मेक्सिकोचा, नवरा बॉर्डर पेट्रोलमध्ये (सीमेवरच्या पोलिसदलात), 'देव, कुटुंब, देश' म्हणत ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाकडून जून 2022 ची संसदेची पोटनिवडणूक जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये पडल्यासुद्धा.

पण तिथलीच स्टार काउंटी (म्हणजे जिल्हा) बघा. जवळपास सगळी वस्ती लॅटिनो, कॅथलिक वळणाची, शंभरहून जास्त वर्षं अध्यक्षपदाला रिपब्लिकन माणूस तिथे जिंकला नव्हता, 2016 ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनला 79 टक्के मतं होती आणि 2024 ला तिथे ट्रम्प जिंकला. चर्च तेच, माणसं तीच, महागाईने मात्र कंबरडं मोडलेलं, आणि बॉर्डर पेट्रोल किंवा तेलाच्या कामावर घरटी कोणी ना कोणी असतंच की. माझ्या मते धर्माने फक्त संकोच घालवला, म्हणजे गर्भपाताच्या मुद्द्यावर आधीच मनातून ट्रम्पच्या बाजूला असलेल्या माणसाला किराण्याच्या बिलाने शेवटचा धक्का दिला.

आणि हे मत काही कायमचं तिकडे गेलेलं नाही हां. 2025 मध्ये स्थलांतरितांची धरपकड एवढी वाढली की जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी, भीती वाटत असेल तर रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) नाही आलात तरी चालेल, अशी सूटच दिली. नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली, तेव्हा लॅटिनो वस्तीची पसेक काउंटी, जी वर्षभरापूर्वी ट्रम्पने जिंकली होती, ती डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी चांगल्या मोठ्या फरकाने परत घेतली.