निर्बंध, बंदी आणि नाकेबंदी

विचारणा अशी आहे: एका देशाने दुसऱ्या देशाशी होणारा व्यापार थांबवला की बातम्यांत ‘एम्बार्गो’ हा शब्द येतो. त्याला मराठीत निर्बंध म्हणावे, बंदी म्हणावे की नाकेबंदी? आणि हिंदी वाहिन्यांप्रमाणे ‘प्रतिबंध’ म्हटले तर काय बिघडते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ‘अमेरिकेने रशियावर प्रतिबंध लादले’ हे वाक्य मराठी बातम्यांत सतत कानावर पडते आणि दर वेळी खुपते. मराठीत प्रतिबंध हिवतापाचा करतात, गुन्ह्यांचा करतात, अपघातांचा करतात. अनिष्ट गोष्ट घडू नये म्हणून आधीच केलेली तजवीज म्हणजे प्रतिबंध, आणि लस याच अर्थाने प्रतिबंधक असते. हिंदीत तोच शब्द मनाईसाठी वापरतात आणि तेथे तो योग्यच आहे. ‘प्रतिबंधित गुटखा’ हा प्रयोग परिपत्रकांतून आपल्याकडेही रुळला आहे, हे मला मान्य आहे. परंतु निर्बंध आणि बंदी हे दोन नेमके शब्द हाताशी असताना दुसऱ्या कामावर असलेला शब्द येथे ओढून आणण्याची गरज मला मुळीच पटत नाही.

‘एम्बार्गो’ हा मूळचा स्पॅनिश शब्द आहे. त्याच्या पोटात ‘बार्रा’ म्हणजे आडवा दांडा आहे, आपला अडसरच म्हणा ना. जहाजांना बंदर सोडण्यास मनाई करणारा सरकारी हुकूम हा त्याचा इंग्रजीतील जुना अर्थ, आणि स्पॅनिशमध्ये तर आजही मालमत्तेच्या जप्तीला हाच शब्द आहे. त्याला व्यापारबंदी हा मराठी शब्द सरळ आणि पुरेसा आहे.

खरी गंमत निर्बंध या शब्दात आहे. निर्धन म्हणजे ज्याला धन नाही तो, निर्दोष म्हणजे ज्यात दोष नाही तो. मग निर्बंध म्हणजे ज्याला बंध नाही तो, असे व्हायला हवे होते, आणि हिंदीत खरोखरच ‘मुक्त, मोकाट’ या अर्थाने निर्बंध वापरतात. आपण मात्र बंधनालाच निर्बंध म्हणतो आणि मोकाट सुटलेल्याला अनिर्बंध. यावरून मराठीने शब्द उलटा करून टाकला, असे सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनी निर्णय, निर्धार आणि निर्देश या शब्दांकडे एकदा पाहावे. त्यांतला ‘निर्’ अभाव दाखवत नाही, तो क्रियेला पक्केपणा देतो. अर्थ उलटा करण्याचा आरोप मराठीवर करण्यापूर्वी निदान कालिदास तरी उघडायला हवा होता. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्स रघूला सांगतो की, गुरुदक्षिणा घ्याच असा हट्ट मी धरला, तेव्हा ‘निर्बन्धसंजातरुषा’, म्हणजे त्या हट्टामुळे राग आलेल्या, गुरूंनी माझ्या दारिद्र्याचा विचार न करता चौदा कोटी मागितले. चौदाव्या सर्गात ‘निर्बन्धपृष्टः’ येतो, म्हणजे खनपटीला बसून ज्याला विचारले तो. संस्कृतात निर्बंध म्हणजे हट्ट, आग्रह, चिवटपणे धरून बसणे.

माझे मत असे आहे की मराठी निर्बंधात हा आग्रह अजून जिवंत आहे. आग्रहातून अट, अटीतून नियम आणि नियमातून मर्यादा, असा हा अर्थाचा प्रवास असावा. सावरकरांनी ‘कायदा’ या शब्दाला निर्बंध हा पर्याय वापरला, तो या प्रवासातल्या नियमाच्या टप्प्यावर नेमका बसतो. आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय राजकारणात हा शब्द इतका चपखल ठरतो. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार थांबवला, त्यामागे कुवेत सोडा हा आग्रह होता. तेथे व्यापारबंदी हे साधन होते आणि निर्बंध ही त्या साधनामागची मागणी होती. उलट मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले, तेव्हा मदत, कर्जे आणि काही तंत्रज्ञान यांवर गदा आली, पण दोन्ही देशांमधला नेहमीचा व्यापार चालूच राहिला. त्या निर्बंधांना व्यापारबंदी म्हणणे चुकीचे ठरले असते.

सावरकरांशी माझा मतभेद आहे तो निराळ्या जागी. फारसी शब्द परका म्हणून टाकावा आणि संस्कृत शब्द आपला म्हणून ठेवावा, हा भाषाशुद्धीचा आग्रह या जोडीपुढे टिकत नाही. बंदी फारसी आहे आणि निर्बंध संस्कृत, हे खरे. पण फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध्’ ही एकाच धातूची दोन घरी वाढलेली लेकरे आहेत. याहून सुंदर उदाहरण लग्नघरात सापडते. फारसी ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले, आणि संस्कृत ‘बद्ध’ म्हणजेही बांधलेले. दोन्ही त्याच धातूची तीच रूपे, फक्त उच्चाराचे नियम वेगळे. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली मंडळी व्युत्पत्तीच्या दृष्टीने बांधलेलेच पुन्हा बांधत असतात. ‘बंदोबस्त’ या शब्दात तर त्या एकाच क्रियापदाची दोन रूपे शेजारी शेजारी उभी आहेत. यांतला कोणता शब्द हाकलायचा?

आता नाकेबंदी. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी ‘बंदी’ नेहमी मनाई करत नाही. दारूबंदी आणि संचारबंदी यांत मनाई आहे, पण तटबंदी म्हणजे तटाला मनाई नव्हे, आणि जमाबंदी म्हणजे महसुलाची आकारणी ठरवणे. तिच्यात एक ‘व’ घालून जमावबंदी केली की लगेच मनाई येते. नाकेबंदी मला तटबंदीच्या कुळातली वाटते: नाकी बांधणे, मोक्याच्या वाटांवर माणसे बसवणे. तिला प्रत्यक्ष पहारा लागतो, नुसता कागद पुरत नाही.

क्यूबाचे उदाहरण यासाठी आदर्श आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडी यांनी क्यूबाशी होणाऱ्या व्यापारावर जो हुकूम काढला, ती व्यापारबंदी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रे घेऊन येणारी जहाजे अडवण्यासाठी अमेरिकी युद्धनौका समुद्रात उभ्या राहिल्या, ती नाकेबंदी. केनेडी यांनी मात्र तिला ‘क्वारंटाइन’, म्हणजे विलगीकरण, म्हटले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. क्यूबाचे सरकार आजही फेब्रुवारीच्या त्या व्यापारबंदीला ‘ब्लोकेओ’, म्हणजे नाकेबंदी, म्हणते आणि अमेरिका तिला एम्बार्गो म्हणते. मराठी बातमीदार या दोहोंपैकी एक शब्द सहज उचलतो, तेव्हा नकळत एक बाजूही उचलतो.

हा भेद आपल्या घरच्या कांद्यालाही लागू पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. हे निर्बंध होते, कारण अट पाळणाऱ्याला माल पाठवता येत होता. ८ डिसेंबरपासून निर्यात थांबवली गेली, ती बंदी होती. ४ मे २०२४ रोजी ती उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होते, आणि तरीही त्याला सरसकट ‘कांदा निर्यात खुली’ म्हटले गेले. त्या दिवशी बंदी गेली होती, निर्बंध गेले नव्हते, हे लासलगावच्या शेतकऱ्याला कोणत्याही कोशाशिवाय कळत होते.