बीजिंगच्या निषिद्ध नगरीतलं, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्यातलं, ताइहे हे सिंहासनाचं दालन आत जाऊन बघता येतं का? आजूबाजूला काय चुकवू नये?

आत जाऊ देत नाहीत. दारातूनच डोकवावं लागतं आणि तिथे ही रेटारेटी असते! सिंहासन दिसतं, पण आतल्या छतावरचा मोती धरलेला ड्रॅगन बघायला मान वाकडी करावी लागते. मूळ राजवाडा १४२० मध्ये पूर्ण झाला. हे दालन मात्र अनेकदा जळलं; आजची इमारत कांगशी सम्राटाच्या काळातली, १६९० च्या दशकातली.

माझ्या मते खरी गंमत बाहेर आहे. तीन टप्प्यांचा पांढरा संगमरवरी चौथरा सावकाश फिरा. छपराच्या कोपऱ्यांवर दहा-दहा छोटे प्राणी बसलेत. एवढे दुसऱ्या कुठल्याच इमारतीला नाहीत. जवळच्या मोठ्या धातूच्या घंगाळांत आग विझवायला पाणी भरून ठेवत, थंडीत ते गोठू नये म्हणून खाली निखारे पेटवत. मागच्या बाओहे या दुसऱ्या दालनापाशी १६ मीटरहून लांब अखंड कोरीव शिळा आहे. ती हिवाळ्यात बर्फाच्या वाटेवरून ओढत आणली म्हणतात.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, पासपोर्ट लागतो. सोमवारी सहसा बंद. दक्षिणेकडून आत शिरून उत्तरेकडून बाहेर पडा. समोरच्या जिंगशान टेकडीवरून अख्खी पिवळी छपरं दिसतात.