ठेच्याची साक्ष

अंबाजोगाई

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद. तुझी कथा श्रावणात पारावर मोठ्यानं वाचून दाखवली. यादवकाळातल्या एका साध्वीची सापडलेली पोथी, अशी ती तू रचलीस. सात-आठ ओव्या झाल्या आणि एका आजीनं हात जोडले. वाचन संपल्यावर विचारलं, "कोण्या महाराजांची हो पोथी?" मी खरं ते सांगितलं. पण तुझ्या पत्रातला प्रश्न तेव्हापासून मनातून हलत नाही. "मला हे चार महिन्यांत जमलं, तर आपण ज्यांच्यापुढं हात जोडतो त्या पोथ्याही कुणी अशाच बसून लिहिल्या का?"

माणसांनीच लिहिल्या. जुन्या लोकांनी ते कधी लपवलं नाही. १२९० ची ज्ञानेश्वरी पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, पण पाठांतरात अबद्ध झाला, हे त्यांनीच लिहून ठेवलं. वर बजावलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली. लोक ओव्या घालत होते म्हणूनच हे सांगावं लागलं ना? चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ लीळाचरित्र, त्याची तर मूळ प्रतच हरवली. त्यांच्या महानुभाव पंथातल्या लोकांनी मुखोद्गत होतं ते आठवून पुन्हा लिहिलं, म्हणून त्यात इतके पाठभेद. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. नाव तेच, भाव तोच. उतरवून घेणाऱ्याला दोघांना वेगळं काढावंसं वाटलं नसेल.

तुझ्या कथेनं एक गोष्ट मात्र पक्की दाखवली. जुनेपणाचा सूर शिकता येतो. साडेतीन चरण, 'म्हणौनि', 'जैसें', हे सगळं तू कानानं उचललंस. तेव्हा सूर जुना म्हणून ग्रंथ जुना, ही साक्ष पुरत नाही. खरी साक्ष बेसावध जागी सापडते. तुझी साध्वी भाकरीवर मिरचीचा ठेचा घेते. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, यादवांचं देवगिरीचं राज्य बुडून जवळजवळ दोनशे वर्षं झाल्यावर. त्या एका ठेच्यानं पोथीचं वय सांगून टाकलं. भाषेचंही तसंच. एकनाथांच्या 'अर्जदस्त' या भारुडात फारसी भाषेतल्या शब्दांची दाटी आहे, ज्ञानेश्वरीत ते हुडकावे लागतात. अभ्यासक काळ ठरवतात ते अशा खुणांवरून. तूही वाचताना या खुणा बघत जा.

पण तिथून एकदम उडी मारू नकोस. नक्कल जमली म्हणून मूळ खोटं ठरत नाही. ती 'अर्जदस्त' तरी काय आहे? दरबारी अर्जाची हुबेहूब नक्कल, देवापुढं मांडलेली. तिला खोटी कुणी म्हणत नाही, कारण लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालून मागणं मागितलंय. लिहिलं कुणी, हा एक प्रश्न. त्यातलं खरं किती, हा दुसरा, आणि तो वाचून, जगूनच सुटतो. माझा अजून पुरता सुटलेला नाही.

पहिल्या पानावर तुझं नाव आणि 'कल्पित कथा' हे शब्द ठळक लिही. आजीनं हात जोडले ते विश्वासानं. त्या विश्वासाचं देणं तुझ्याकडं आहे.

परवा ती पुन्हा विचारत होती, पुढचं कधी वाचणार. ठेच्याच्या जागी मिरे घाल आणि उरलेले अध्याय पाठव.

तुझा,
गुरुजी