आठ्यांना बोटॉक्स की फिलर?

प्रश्न : वय ४७. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या आहेत आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल दिसते. २ महिन्यांवर मुलाचं लग्न आहे. पार्लरमध्ये सांगतात, एकाच इंजेक्शनने दोन्ही जाईल. काय घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एका इंजेक्शनने दोन्ही जाणार नाही. आरशासमोर भुवया आवळा, मग चेहरा सैल सोडा. आवळल्यावर उमटते आणि सोडल्यावर पुसली जाते ती रेष स्नायूची, तिथे स्नायू सैल करणारं बोटॉक्स. चेहरा शांत असतानाही राहणारी नाकाजवळची घडी गाल ओसरून खाली उतरल्याची, तिथे खोलगट जागा भरून काढणारं फिलर.

भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सचा नेहमीचा डोस २० युनिट, ५ ठिकाणी ४-४. डिस्पोर्ट हे त्याच प्रकारचं दुसरं औषध घेतलं तर ५० युनिट. दोन्हींची युनिटं वेगळी, त्यामुळे ‘तिला २०, मग मला ५० का?’ ही तुलना फोल आहे. ३-४ दिवसांत फरक जाणवू लागतो, पुरता दिसायला २ आठवडे लागतात, टिकतो ३-४ महिने. आठी खोदल्यासारखी झाली असेल तर फिकी होईल, नाहीशी होणार नाही. तरी तिथे फिलर भरायचा हट्ट नको. त्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर वाहिनीत शिरलं तर दृष्टी जाऊ शकते.

घडीसाठी हायल्युरॉनिक अॅसिड या जेलसारख्या पदार्थाचंच फिलर मागा, कारण बिघडलं तर ते हायल्युरोनिडेज या औषधाने विरघळवता येतं. कायमस्वरूपी फिलर कितीही स्वस्त पडलं तरी नको. सिरिंज साधारण १ मिलीची असते. सगळं घडीतच ओतलं तर तोंडाभोवतीचा भाग फुगीर दिसतो. जाणकार डॉक्टर त्यातलं थोडं गालात देतात.

लग्नाच्या ६ आठवडे आधी बोटॉक्स, २ आठवड्यांनी तपासणी आणि त्याच वेळी फिलर. सूज, काळानिळा डाग उतरायला मग महिना हाताशी राहतो. फिलरनंतर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखी निळसर झाली, जोरात दुखू लागलं किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.

हे काम पार्लरचं नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा, हायल्युरोनिडेज दवाखान्यात ठेवलेलं आहे का ते आधीच विचारा, बाटली समोर उघडायला सांगा आणि बॅच नंबर लिहून घ्या. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर डाग पडेल या भीतीने स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : बोटॉक्सनंतर बहिणीची एक पापणी खाली आली. कायमची राहील का?

उत्तर : नाही. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं की असं होतं. म्हणून भुवईच्या हाडापासून किमान १ सेंमी वर टोचतात. काही आठवड्यांत पापणी पूर्ववत होते. तोवर डॉक्टर लिहून देतील त्या थेंबांनी ती १-२ मिमी उचलली जाते. मात्र गिळायला किंवा बोलायला त्रास होत असेल तर तडक रुग्णालयात न्या.