तुमचे प्रश्न : मेंदूत तार घातली तर नाम कोण घेणार?

प्रश्न : आमच्या अण्णांना (वय 67) बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे. गोळीचा असर आता दोन-अडीच तासच टिकतो, मग हात थरथरतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टर म्हणतात डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार घालून करंट द्यायचं) ऑपरेशन करा. अण्णा माळकरी, रोज हरिपाठ, एकादशीला भजन. ते म्हणतात मेंदूत तार घातल्यावर नाम मी घेणार का ते मशीन? भाऊ म्हणतो हा अडाणीपणा आहे. काय सांगू त्यांना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी भावाला सांगा की हा अडाणीपणा अजिबात नाहीये. डीबीएसनंतर माणूस तोच राहतो का ह्यावर जगभरचे डॉक्टर आणि तत्त्वज्ञ वाद घालतायत, अण्णांनी तोच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारलाय.

आधी ऑपरेशन काय असतं ते बघू. मिलिमीटरपेक्षा थोडी जाड तार मेंदूत खोलवर हालचाल सांभाळणाऱ्या एका छोट्या केंद्रात सोडतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बॅटरीचा डबा बसवतात, तिथून सेकंदाला साधारण 130 वेळा बारीक करंट जातो. पूर्वी थरथर थांबवायला मेंदूतला तो भाग जाळून टाकायचे, मग 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी दाखवलं की न जाळता नुसत्या करंटनेही ती थांबते, आणि करंट बंद केला की परत येते. म्हणजे अण्णांना नकोसं झालं तर मशीन बंद करता येतं, हे त्यांना नक्की सांगा. आजार मात्र ह्याने बरा होत नाही, त्रास कमी होतो.

आता नामाचं. अण्णा जी गोळी घेतात ना, त्यातलं लेव्होडोपा मेंदूतच जातं आणि तिथे त्याचं डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन, होतं. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही तेच लेव्होडोपा असतं. ती गोळी घेऊन अण्णा इतकी वर्षं हरिपाठ म्हणतायत आणि तो गोळीने म्हटला असं कुणी म्हणत नाही. शिवाय गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र (शरीर) आणि क्षेत्रज्ञ (त्याला जाणणारा) वेगळे सांगितलेत आणि मन, बुद्धी, अहंकार हे सगळं क्षेत्रातच मोजलंय, फक्त हाडामांसाचं शरीर नाही. तार जाते ती क्षेत्रात. जाणणारा तिच्या पलीकडचाच. माझं तरी मत असं की अण्णांच्या श्रद्धेला ह्या ऑपरेशनने धक्का लागत नाही, हे त्यांच्या फडातल्या जाणत्या महाराजांनाही विचारा, आपल्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

पण एक गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते आणि ती बऱ्याच घरांत विचारायची राहून जाते. डीबीएसनंतर काही जणांचं बोलणं अडखळतं, आवाज बारीक होतो, शब्द पटकन सुचत नाहीत. चालणं सुधारलं आणि अभंग म्हणता येईना झाला तर अण्णांना तो सौदा परवडेल का? डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे भजन म्हणतात, आवाज आम्हाला जपायचाय. कुठल्या केंद्रात तार घालायची आणि नंतर करंट किती ठेवायचा हे ठरवताना त्याचा विचार करता येतो. काहींना उदासी येते, काही जण एकदम उतावळे होतात, म्हणून पहिले काही महिने घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि वेगळं काही दिसलं तर लगेच कळवायचं, सेटिंग बदलून बऱ्याचदा फरक पडतो.

ऑपरेशननंतर देवळातल्या मेटल डिटेक्टरपाशी मशीन बसवल्याचं कार्ड दाखवून बाजूने जायचं, आणि कंबर-गुडघा दुखतो म्हणून कुणी डायथर्मीचा (मशीनच्या लहरींनी आतून द्यायचा) शेक देत असेल तर सरळ नाही म्हणायचं, तारेतून मेंदूला इजा होते. निर्णय अण्णांनाच घेऊ द्या, घाई करू नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो दहा वर्षांत धडधाकट माणसंही मेंदूत चिप बसवतील. खरंय का?
– एक आई, पुणे

उत्तर : दहा वर्षांचं मी सांगू शकत नाही. न्यूरालिंक ह्या इलॉन मस्क यांच्या कंपनीची चिप माणसात पहिल्यांदा बसली जानेवारी 2024 मध्ये, खांद्याखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाला, तो नुसत्या विचाराने कॉम्प्युटरचा कर्सर हलवतो. त्याच्यासाठी ते मोठं आहे. पण चिपपासून मेंदूत सोडलेल्या बारीक तारांचे बरेच धागे काही आठवड्यांतच मेंदूतून मागे सरकले होते. रक्तस्राव आणि इन्फेक्शनचा धोका घेऊन चांगली कवटी उघडायची कशाला, हे मुलालाच विचारा, आणि त्याचं उत्तर मलाही कळवा.