निरोपाच्या आदल्या दिवशी

अगं, भाषणाची एवढी काळजी करू नकोस. आधी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना भेट. पहाटे उठून तुमच्या भाकऱ्या थापल्या त्यांनी, पण समारंभात त्यांचं नाव कुणी घेत नाही. तू घे. मी घेतलं नव्हतं, ते अजून सलतं.

शाळा सोडल्याचा दाखला मिळाला की तिथंच नाव, जन्मतारीख वाचून बघ. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. ट्रंक रात्रीच भरून ठेव.

संध्याकाळी परवानगी काढून सगळ्याजणी रंकाळ्यावर जा. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून कोल्हापूर परगावच्या लेकरांना सांभाळतंय. इथून जाताना रडू येणारच. रेक्टरबाईसुद्धा दाराआड डोळे पुसतात, मी पाहिलंय.